व्हॅन स्लोवर मिसिंग मारते? पार्ट घेण्याआधी सिलिंडर शोधा

चवथीच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या बाजारातून माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताचं) सामान भरून डिचोलीला निघालो होतो. मागे सुपारीचे कातरे, शहाळ्यांची पेंड, आंबाडे, तोरिंगं. वरून पावसाची झड. गर्दीत गाडी थांबली की इंजिन असं हलायचं, की डॅशबोर्डवर ठेवलेलं तोरिंग घरंगळत शेजारी बसलेल्या काकांच्या मांडीत यायचं. तिसऱ्या वेळी काकांनी ते मांडीतच धरून ठेवलं आणि म्हणाले, "अरे, गाडीला हिंव भरलंय की काय?" रेस दिली की सगळं गप्प. पाय काढला की पुन्हा धडधड. स्लोवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, एखाद्या सिलिंडरातलं पेट्रोल जळायचं चुकतं, त्यालाच मिसिंग म्हणतात.

पुढच्या महिनाभरात मी नवे प्लग घातले, नवी कॉइल (ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणारी) घातली, एका गॅरेजात कार्ब्युरेटर खोलून साफ करून घेतला. साडेचार हजार गेले, हिंव तसंच. शेवटी दोष सापडला तो डिस्ट्रिब्युटर कॅपच्या (प्लगांना करंट वाटणाऱ्या डब्याच्या झाकणाच्या) केसाएवढ्या तड्यात आणि एका भेगाळलेल्या व्हॅक्यूम पाइपात. दोन दोष एकाच वेळी होते, म्हणून एकेक पार्ट बदलून काहीच कळत नव्हतं. जुनी व्हॅन नव्याने घेतलेल्यांनी हा फेरा टाळावा म्हणून ही उजळणी.

मी लिहितोय ते माझ्या कार्ब्युरेटरवाल्या ओम्नीच्या अनुभवावरून. ही गाडी १९८४ मध्ये 'मारुती व्हॅन' म्हणून आली, १९८८ मध्ये तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, पुढच्या सीटांखाली. तीनच सिलिंडर असल्यामुळे एक बसला की एक तृतीयांश ताकद गेली. चार सिलिंडरच्या गाडीत हाच दोष एवढा हलवत नाही. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) गाडी असेल तर पायऱ्या त्याच, फरक जिथे आहे तिथे सांगतो.

१. आधी सामान आणि जागा

लागेल ते असं:

- गाडीच्या मापाचा प्लग पाना (जुन्या आणि नव्या इंजिनांचं माप वेगळं असतं, प्लग हातात घेऊनच पाना घ्या)
- फीलर गेज
- साधा मल्टिमीटर
- एक चालू स्थितीतला जादा प्लग आणि दोन्ही टोकांना चिमटे असलेली वायर
- पाणी फवारायची बाटली, झाडांना मारतात तसली
- टॉर्च, कोरडं सुती फडकं, रबरी मुठीची पक्कड
- वही आणि पेन्सिल

वही सर्वांत महत्त्वाची. कधी मिसिंग येतं, काय बदललं, काय फरक पडला, हे लिहीत चला. मी पहिला महिना लिहिलं नाही, म्हणून कॉइल बदलल्यावर "जरा बरं वाटतंय" असं स्वतःला पटवून घेतलं.

काम उघड्यावर करा. पावसात पडवीत चालेल, पण बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. मुलांना लांब ठेवा. सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी पंख्याच्या आणि बेल्टच्या वाटेत येऊ देऊ नका. प्लगच्या वायरीत हजारो व्होल्टचा करंट असतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून हात घालू नका. ज्यांना हृदयाचा पेसमेकर आहे त्यांनी चालू इंजिनजवळ हे काम करूच नये. गॅसचं किट असेल आणि गॅसचा वास येत असेल, तर गॅसच्या टाकीचा कॉक बंद करून मेस्त्रीला बोलवा, पुढचं काही करू नका.

२. खरंच मिसिंग आहे का, आणि कधी येतं

तीन सिलिंडरचं इंजिन स्लोवर मुळातच थोडं हलतं. इंजिनचं रबरी माउंटिंग बसलं असेल तरी सगळी गाडी थरथरते, पण आवाज एकसारखा राहतो. मिसिंगमध्ये ताल तुटतो. सायलेन्सरच्या तोंडाशी कान द्या (तोंड नको): फट-फट-फस्, फट-फट-फस्.

मग कागदाची पट्टी सायलेन्सरच्या तोंडापासून चार बोटं लांब धरा. चांगल्या इंजिनात ती एकसारखी बाहेर उडत राहते. ठरावीक ताल धरून दचकत असेल, तर एकच सिलिंडर काम करत नाही. मधूनच आत ओढली जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याची शंका घ्या. कधीही, कसंही दचकत असेल तर दोष सगळ्या सिलिंडरांना सामाईक आहे: हवा, पेट्रोल, कॉइल, रोटर (कॅपच्या आत फिरून करंट वाटणारा तुकडा).

आता वेळ बघा.

सकाळी ओल्या हवेत येतं आणि तासाभराने जातं: वायरी, कॅप, कॉइलचं तोंड. आपल्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये हेच सर्वांत जास्त.

इंजिन तापल्यावरच येतं: कॉइल किंवा तंग बसलेले टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग), शिवाय नको तेव्हा अडकून राहिलेला चोक.

स्लोवर येतं, रेस दिल्यावर जातं: हवेची गळती किंवा कार्ब्युरेटरचा स्लो जेट (स्लोवर पेट्रोल सोडणारं बारीक भोक). स्लोवर इनलेटमधली ओढ सर्वांत जास्त आणि आत जाणारी हवा सर्वांत कमी असते. त्यात बारीकशा फटीतून आलेली हवासुद्धा मिश्रण बिघडवते. रेस दिली की तेवढ्या हवेची किंमत राहत नाही.

स्लोवरही येतं आणि चढावाला लोड पडल्यावर आणखी वाढतं: करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, कमी पडतो. चोर्ला घाट चढताना जी गाडी झटके देते ती बहुतेक यातली.

गॅसचं किट असलेल्यांना फुकटची चाचणी आहे. पेट्रोलवर मिसिंग आणि गॅसवर ठीक, तर दोष पेट्रोलच्या वाटेत. दोन्हीवर सारखंच, तर करंट किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा दाबली जाण्याचा जोर). फक्त गॅसवर आलं तरी करंटकडेच आधी बघा, कारण गॅसला ठिणगी जास्त जोरदार लागते.

३. कोणता सिलिंडर, ते शोधा

इथे घाई करू नका, पुढचं सगळं यावर आहे. टायमिंग बेल्टच्या बाजूचा सिलिंडर १ नंबर, मग २, मग ३. करंट मिळायचा क्रम मात्र १-३-२. वायरींवर आधी रंगीत टेप लावून नंबर टाका. दोन वायरी उलटसुलट बसवल्या तर नवाच दोष तयार होतो आणि जुना विसरायला होतो.

चालू इंजिनवर वायर खेचून बघायची सवय अनेकांना आहे. मी सांगतो तसं करा, पाच मिनिटं जास्त लागतील पण झटका बसणार नाही आणि इग्निशनचं इलेक्ट्रॉनिक युनिटही जळणार नाही:

इंजिन बंद करा. १ नंबरची वायर काढून जादा प्लगला लावा आणि त्या प्लगचं लोखंडी अंग चिमट्याच्या वायरने इंजिनच्या उघड्या धातूला जोडा. इंजिनमधला प्लग जागेवरच राहू द्या. जादा प्लग कार्ब्युरेटरपासून आणि पेट्रोलच्या पाइपापासून लांब ठेवा. आता इंजिन चालू करा, ऐका, बंद करा. मग २, मग ३.

चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन खचतं. एक सिलिंडर आधीच मेलेला असेल तर ते बहुतेक बंदच पडेल, कारण एकाच सिलिंडरवर उभं राहणं त्याला जमत नाही. ज्या वायरीने काहीच फरक पडत नाही तो तुमचा सिलिंडर. वहीत लिहा.

तिन्ही वायरींना फरक पडला, पण तालात सारखाच गोंधळ राहिला, तर थेट पायरी ६ वर जा.

एमपीएफआय गाडीत प्लगची वायर काढण्यापेक्षा इंजेक्टरचं कनेक्टर काढून हीच चाचणी करा. तिथे सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. न जळलेलं पेट्रोल त्यात गेलं तर तो तापून निकामी होतो. म्हणून अशी गाडी मिसिंगमध्येच रोज चालवत राहू नका. ओबीडीचं (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं) सॉकेट असलेल्या गाडीत स्कॅनर लावला की पी ०३०१, पी ०३०२, पी ०३०३ असे कोड शेवटच्या आकड्यातून सिलिंडर सांगतात. पी ०३०० म्हणजे ठरावीक एक नव्हे. एक सावधगिरी: कोड सिलिंडर सांगतो, कारण नाही. त्या कोडच्या जोरावर नवी कॉइल विकणारे पुष्कळ आहेत.

४. प्लग काढून वाचा

इंजिन गार झाल्यावर प्लग काढा. आधी भोवतालची माती फुंकून टाका, नाहीतर ती सिलिंडरात जाते. तिन्ही प्लग क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा आणि एकमेकांशी ताडून बघा. एकटा प्लग काही सांगत नाही; शेजारी दोन ठेवले की बोलतो.

फिक्का तपकिरी: ठीक. कोरडं काळं काजळ: पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त. पेट्रोलने ओला: त्या सिलिंडरात पेट्रोल येतं, जळत नाही, म्हणजे करंट किंवा कॉम्प्रेशन. तेलकट: रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल येतंय. पांढराफटक: हवा जास्त, गळती शोधा. चिनी मातीच्या भागावर उभी काळी रेघ दिसली तर करंट तिथूनच पळतोय, तो प्लग फेकून द्या.

गॅप (प्लगच्या टोकांमधली फट) गाडीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवा; कार्ब्युरेटरवाल्या गाडीत ती साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. नवा प्लगही खोक्यातून काढून तसाच लावू नका, गेज घालून बघा.

आता अदलाबदल. मेलेल्या सिलिंडरचा प्लग चांगल्यात आणि चांगल्याचा मेलेल्यात. दोष प्लगबरोबर गेला तर काम झालं. नाही गेला तर प्लग निर्दोष, पैसे खिशात. मी नवे प्लग घेतले ते ही चाचणी न करता. जुने तिन्ही अजून टूलबॉक्समध्ये पडून आहेत, उत्तम चालतात.

५. वायरी, कॅप, रोटर: पावसाळ्याचं दुखणं

अदलाबदल वायरींचीही करता येते, लांबी पुरत असेल तर. नाहीतर मल्टिमीटरने तिन्हींचा रेझिस्टन्स मोजा. लांबीप्रमाणे थोडा फरक असतोच. एक वायर इतरांच्या कित्येक पट दाखवत असेल, किंवा वाकवल्यावर काटा उडत असेल, तर ती आतून तुटली आहे. मोरजी, मांद्रेसारख्या किनाऱ्याजवळ गाडी राहत असेल तर वायरींच्या टोकांना रबरी टोपीच्या आत हिरवा गंज चढतो. बाहेरून वायर नवी दिसते, टोपी मागे सारून बघा. उंदरांचे दातही बघा. पावसात ते उबेला इंजिनवर येऊन बसतात.

मग रात्रीची चाचणी. अंगणातला दिवा घालवा, सीट वर करा, झाकण काढा, इंजिन चालू करा आणि हात लांब ठेवून वायरींवर व कॅपभोवती पाण्याचा बारीक फवारा मारा. धार नको, दवासारखा. माझ्या कॅपवर दोन खांबांच्या मधे निळी रेघ सरपटताना दिसली, काजव्याने ओळ काढावी तशी, आणि प्रत्येक झळकीला इंजिन अडखळत होतं. दिवसा दहा वेळा तीच कॅप हातात घेऊन मी "चांगली आहे" म्हटलं होतं.

कॅप काढल्यावर आतून बघा: पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ, तडा, मधल्या कार्बनच्या बटणाची झीज, पितळी टोकांवर पांढरी पूड. पूड हलक्या हाताने खरवडता येते. काळी रेघ असलेली कॅप बदलाच. ती पुसून चार दिवस चालते आणि पुढच्या पावसात पुन्हा रस्त्यात उभं करते. कॅपबरोबर रोटरही घ्या, महाग नसतो. पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर असेल तर पॉइंटचे तोंड जळालंय का आणि गॅप बरोबर आहे का ते बघा.

फसवी गोष्ट अशी: ओल पुसून, वारा मारून गाडी ठीक झाली की लोक "पाणी गेलं होतं" म्हणून विषय सोडतात. कोरड्या, अखंड कॅपला पावसाच्या दमट हवेने काही होत नाही. ओल लागताच मिसिंग येतं म्हणजे तडा कुठेतरी आहेच.

६. हवेची गळती

कॅप बदलल्यावर माझं मिसिंग निम्मं झालं, गेलं नाही. उरलेलं इथे होतं.

कार्ब्युरेटरखालचं पॅकिंग, इनलेट मॅनिफोल्डचं पॅकिंग आणि बारीक रबरी पाइप तपासा. पाइप नुसते बघू नका, वाकवा. माझा पाइप सरळ असताना अखंड दिसायचा, बोटाने वाकवला तेव्हा त्याच्या पोटात भेग उघडली. इंजिन स्लोवर असताना एकेक पाइप रबरी मुठीच्या पकडीने हलकेच दाबा. दाबल्यावर इंजिन सुधारलं तर गळती त्याच वाटेवर. ब्रेक बूस्टर असेल तर त्याचा जाड पाइपही असाच तपासा, पण गाडी उभी असताना आणि हँडब्रेक ओढूनच.

पॅकिंगच्या सांध्यावर तोच पाण्याचा फवारा मारा. क्षणभर इंजिनचा आवाज बदलला तर तिथून हवा ओढली जातेय. पुष्कळ मेस्त्री यासाठी कार्ब्युरेटर क्लीनर किंवा पेट्रोल उडवतात. तापलेला सायलेन्सर आणि गळका करंट शेजारी असताना ते करू नका. आपल्या गाडीत इंजिन सीटखाली आहे, आग लागली तर बसायच्या जागेतच लागते.

७. पेट्रोल आणि कार्ब्युरेटर

कार्ब्युरेटर इतक्या उशिरा का? कारण तो खोलायला सगळ्यांना आवडतो आणि तोच सर्वांत कमी वेळा दोषी असतो.

आधी फिल्टर बघा. मग काचेच्या स्वच्छ बाटलीत थोडं पेट्रोल काढून अर्धा तास ठेवा; तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल शोषतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोन थर पडतात. पावसाळाभर उभी असलेली गाडी एकदम बाहेर काढणाऱ्यांना हा त्रास होतो. जुने रबरी पाइपही इथेनॉलला टिकत नाहीत. फुगलेला, चिकट झालेला पाइप ताबडतोब बदला.

कार्ब्युरेटरवर सोलेनॉइड असेल तर चावी फिरवल्यावर 'टक्' असा आवाज यायला हवा. आवाज नाही, आणि गाडी रेसवर चालते पण स्लोवर टिकत नाही, तर वायर सुटली आहे का बघा. स्लो जेट बुजला असेल तर क्लीनर आणि हवेने साफ करा. त्यात तार घालू नका, भोक मोठं झालं की जेट गेला. मिश्रणाचा स्क्रू फिरवण्याआधी तो हलकेच आत घट्ट होईपर्यंत किती फेरे बसतात ते मोजून वहीत लिहा, म्हणजे परतीची वाट राहते.

स्लो स्पीड वाढवून मिसिंग "घालवणारे" भेटतील. हलणं कमी होतं, दोष तिथेच राहतो, पेट्रोल जास्त जातं.

एमपीएफआयवाल्यांनी थ्रॉटल बॉडीतला काळा थर साफ करून बघावा, मग इंजेक्टर.

८. एवढं करूनही तोच सिलिंडर मेलेला

मग आतलं दुखणं. कॉम्प्रेशन गेज असलेल्या मेस्त्रीकडे जा. तिन्ही प्लग काढून, करंट आणि पेट्रोल तोडून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मोजायला सांगा. एक सिलिंडर इतरांपेक्षा स्पष्ट कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजायचं: वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील आणि पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग). हेड उतरवण्याआधी टॅपेटचं क्लिअरन्स तपासायचा आग्रह धरा. तंग टॅपेटमुळे व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि गॅसवर चाललेल्या गाड्यांत हे सर्रास होतं. पाऊण तासाचं काम आहे, वेळेवर झालं तर हेड वाचतं.

९. मेस्त्रीकडे जाताना

आरसी, विमा आणि पीयूसी बरोबर असू द्या, कारण दुरुस्तीनंतर चाचणीची फेरी गाडी रस्त्यावर घेऊनच होते. जुना पीयूसीचा कागदही फेकू नका, त्यात निदान लिहिलेलं असतं. बीएस-२ (भारत स्टेज-२ हे प्रदूषणाचं मानक) च्या आधीच्या पेट्रोल चारचाकींना स्लोवर सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा ३ टक्के आणि एचसीची १५०० पीपीएम आहे, बीएस-२ आणि बीएस-३ वाल्यांना ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम; बीएस-४ पासूनच्यांना मर्यादा आणखी कडक आहेत. एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल. एचसी भरमसाट आणि सीओ कमी असेल तर ठिणगी चुकतेय किंवा हवा जास्त होतेय. दोन्ही जास्त असतील तर पेट्रोल जास्त होतंय. १५ वर्षांपुढची गाडी असेल तर नोंदणीच्या नूतनीकरणाआधी हे सगळं उरकून घ्या, फिटनेसच्या रांगेत गाडी हलायला लागली की उत्तर देता येत नाही.

मेस्त्रीला "गाडी ट्यून करून द्या" म्हणू नका. "२ नंबर मरतोय, गार असतानाही आणि तापल्यावरही, प्लग बदलून पाहिला, दोष २ वरच राहतो" असं सांगा. चांगला मेस्त्री तिथून पुढे सुरू करतो. आणि "आधी कार्ब्युरेटर बदलू, मग बघू" असं कोणी म्हणालं तर वही दाखवून विचारा, एकट्या २ नंबरला कार्ब्युरेटर कसा मारतो? तो तर तिघांचा एकच आहे.

काढलेले पार्ट परत मागून घ्या. माझी ती कॅप मी ठेवली आहे. शेजारपाजारची व्हॅन हलायला लागली की आधी ती उजेडात धरून तडा दाखवतो, मग त्यांच्या गाडीची सीट उचलतो.